हुतात्मा तुकाराम ओंबळे : जिवंत पुराव्याचे मोल

२६ नोव्हेंबर हा दिवस मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याचा स्मृतिदिन म्हणून देशभर पाळला जातो. सहायक फौजदार तुकाराम गोपाळ ओंबळे यांचे बलिदान मात्र तारखेच्या हिशेबाने २७ नोव्हेंबर २००८ चे आहे. मध्यरात्र उलटून गेल्यावर गिरगाव चौपाटीलगतच्या नाकाबंदीत त्यांनी एका हल्लेखोराच्या रायफलीची नळी हातांनी घट्ट धरली आणि गोळ्या अंगावर घेत असतानाही ती सोडली नाही. त्या पकडीमुळे दहा हल्लेखोरांपैकी एक जण जिवंत हाती लागला. उरलेले नऊ जण २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत मारले गेले. अजमल कसाब हा एकटाच जिवंत राहिल्याने पुढे काय घडू शकले, हे ध्यानात घेतल्याखेरीज ओंबळे यांच्या कामगिरीचे खरे मोल कळत नाही.

सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे हे त्यांचे गाव. जावळीचे खोरे शिवकाळापासून इतिहासात गाजलेले असले, तरी तेथील शेतकऱ्याच्या वाट्याला डोंगरउतारावरची तुटपुंजी जमीन आणि धो धो पाऊस एवढेच येते. या भागातील घरटी एखादा तरुण पोटासाठी मुंबईची वाट धरतो. कोणी पूर्वी गिरणीत लागला, कोणी माथाडी झाला, कोणी पोलिसात भरती झाला. सैन्यात जाण्याची परंपराही साताऱ्याला जुनी. ओंबळे यांच्या आयुष्यात या दोन्ही वाटा एकत्र आल्या. त्यांनी आधी भारतीय लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये सेवा केली आणि तेथून नाईक या हुद्द्यावर निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये मुंबई पोलीस दलात प्रवेश केला.

सैन्यातून आलेला माणूस पोलीस दलात पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात करतो. बंदोबस्त, रात्रपाळी, गस्त, सणासुदीची मिरवणूक, मोर्चा, पुन्हा बंदोबस्त असा हा क्रम असतो. चौपाटी ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते, त्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग ठाण्याला तर गणेश विसर्जनाचे दिवस म्हणजे परीक्षाच. ओंबळे यांनी या दलात सुमारे १७ वर्षे काढली आणि ते सहायक फौजदार झाले. घरी पत्नी आणि मुली. वर्तमानपत्रात नाव यावे असे या नोकरीत काही नव्हते, आणि २६ नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत ते आलेही नाही.

त्या रात्री दहा वाजण्याच्या सुमारास छत्रपती शिवाजी टर्मिनसवर कसाब आणि त्याचा साथीदार अबू इस्माईल यांनी प्रवाशांवर अंदाधुंद गोळीबार केला. तेथून ते कामा रुग्णालयात शिरले. रुग्णालयाच्या बाजूच्या गल्लीत दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त पोलीस आयुक्त अशोक कामटे आणि पोलीस निरीक्षक विजय साळसकर यांच्या गाडीवर त्यांनी गोळ्या झाडल्या. तिघेही धारातीर्थी पडले. पोलिसांचीच ती गाडी घेऊन दोघे निघाले. तिच्या मागच्या भागात सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली जखमी अवस्थेत पडून राहिलेले पोलीस अरुण जाधव बचावले आणि हल्लेखोर गाडीतून उतरून गेल्यावर त्यांनी बिनतारी यंत्रावरून नियंत्रण कक्षाला खबर दिली. दोघांनी आता एक स्कोडा मोटार बळकावली होती आणि ती मरीन ड्राइव्हने चौपाटीच्या दिशेने धावत होती. नियंत्रण कक्षातून मोटारीचे वर्णन नाक्यानाक्यावर पोहोचले. ओंबळे यांची सैन्यातील सारी सेवा संदेशवहनाच्या शाखेत गेली होती. वेळेवर पोहोचलेला निरोप काय करू शकतो, हे त्यांना वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

चौपाटीच्या नाक्यावर रस्ता बॅरिकेड लावून अडवला होता. मोटार काही अंतरावर थांबली. समोरचे दिवे प्रखर ठेवून आणि काचेवर पाण्याचा फवारा मारत आत बसलेल्यांनी पोलिसांना आतले काही दिसू नये असा प्रयत्न केला. मग मोटार वळवून पळ काढण्याच्या खटपटीत ती दुभाजकावर अडकली. चालकाच्या जागी बसलेल्या इस्माईलने पिस्तुलातून गोळीबार सुरू केला. पोलीस अधिकाऱ्यांनी दिलेल्या प्रत्युत्तरात तो मारला गेला. डाव्या बाजूचा कसाब हात वर करून शरण आल्याचे भासवत बाहेर पडला आणि त्याने रायफल उचलली. सर्वांत जवळ ओंबळे होते. त्यांच्याजवळ लाठी होती, बंदूक नव्हती. त्यांनी पुढे झेपावून रायफलीची नळी पकडली आणि ती स्वतःच्या अंगाकडे वळलेली असतानाही हात ढिले पडू दिले नाहीत. कसाबने चाप ओढला. गोळ्या ओंबळे यांच्या शरीरात घुसल्या. सहायक पोलीस निरीक्षक संजय गोविलकर यांनाही गोळी लागली. तोवर बाकीचे पोलीस तुटून पडले होते. लाठ्यांचे तडाखे बसले, रायफल हिसकावली गेली आणि हल्लेखोर जेरबंद झाला.

या प्रसंगाच्या अनेक कथनांत ओंबळे यांच्या मनात त्या क्षणी काय विचार होता, हेही रंगवून सांगितले जाते. तसे करण्याचे कारण नाही. काही सेकंदांच्या त्या झटापटीत खटल्याचा, पुराव्याचा किंवा आंतरराष्ट्रीय राजकारणाचा विचार कोणाला सुचत नसतो. समोरच्या रायफलीतील गोळ्या पाठीमागच्या सहकाऱ्यांपर्यंत पोहोचू द्यायच्या नाहीत, एवढे त्यांच्या कृतीतून स्पष्ट दिसते. त्यांच्यामागे जे पोलीस उभे होते, त्यांच्यापैकी बहुतेक त्या रात्री जिवंत घरी गेले. सहकाऱ्याचा प्राण नुकताच घेणारा माणूस हाती सापडला असताना त्यांनी त्यालाही जिवंत ठेवले आणि नायर रुग्णालयात नेले. ओंबळे यांच्या शौर्याबरोबर त्यांच्या सहकाऱ्यांचा हा संयमही नोंदवला पाहिजे.

हा कैदी जिवंत हाती येण्याचा परिणाम लगेच दिसू लागला. हल्ला सुरू असतानाच प्रसारमाध्यमांना आलेल्या एका ई-मेलमध्ये त्याची जबाबदारी डेक्कन मुजाहिदीन नावाच्या, तोवर कोणी न ऐकलेल्या संघटनेने घेतली होती. हल्लेखोरांजवळ हैदराबादच्या एका महाविद्यालयाची बनावट ओळखपत्रे होती आणि त्यांवरील नावे भारतीय होती. दहाही जण मारले गेले असते, तर हा मुखवटा किती काळ टिकला असता आणि त्यातून देशात किती संशय आणि द्वेष पसरला असता, याची कल्पनाच केलेली बरी. कसाबच्या माहितीने तो मुखवटा गळून पडला. पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातील फरीदकोट हे त्याचे गाव, लष्कर-ए-तोयबाचे प्रशिक्षण, कराचीहून झालेला सागरी प्रवास, वाटेत ताब्यात घेतलेली कुबेर ही मासेमारी नौका, कफ परेडच्या बधवार पार्कजवळ रबरी होडीतून उतरणे, हा सारा क्रम उलगडला. समुद्रात सापडलेल्या कुबेर नौकेवर तिच्या तांडेलाचा मृतदेह, उपग्रह फोन आणि दिशादर्शक उपकरण मिळाले. कैद्याचे सांगणे आणि हाती आलेल्या वस्तू यांचा ताळा जुळत गेला.

पाकिस्तान सरकारने सुरुवातीला कसाब आपला नागरिक असल्याचे मान्य केले नव्हते. जानेवारी २००९ मध्ये ते मान्य करावे लागले. तशी कबुली देणारे तेथील राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्रानी यांना पद गमवावे लागले, यावरूनच ती कबुली किती अडचणीची होती हे कळते. पुढच्याच महिन्यात कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचेही पाकिस्तानच्या गृहखात्याला जाहीरपणे सांगावे लागले.

नंतर उभा राहिला तो खटला. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातच विशेष न्यायालय थाटण्यात आले. न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्यासमोर विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी सरकारची बाजू मांडली. आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्यात आला. टर्मिनसवर पायात गोळी लागलेली एक लहान मुलगी कुबड्यांच्या आधाराने न्यायालयात आली आणि तिने आरोपीला ओळखले. छायाचित्रकारांनी जिवावर उदार होऊन टिपलेली छायाचित्रे पुरावा म्हणून दाखल झाली. कसाबने आधी गुन्हा कबूल केला आणि डिसेंबर २००९ मध्ये जबाब फिरवला. आपण मुंबई पाहायला आलो होतो आणि पोलिसांनी हल्ल्यापूर्वीच आपल्याला पकडले होते, असा त्याचा नवा पवित्रा होता. येथे चौपाटीची घटना निर्णायक ठरली. त्याला कोठे, केव्हा, कोणत्या शस्त्रासह पकडले, हे सांगणारे प्रत्यक्षदर्शी पोलीस साक्षीदार होते आणि ती रायफल न्यायालयापुढे होती. तिची नळी धरून ठेवणारा माणूस तेवढा साक्षीला येऊ शकत नव्हता. त्यांची हत्या हा आरोपपत्रातील एक आरोप होता.

मे २०१० मध्ये न्यायालयाने कसाबला दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली. त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली, हे विसरता कामा नये. खटला केवळ सोपस्कार नव्हता याची ती साक्ष होय. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी शिक्षा कायम केली. सर्वोच्च न्यायालयात आरोपीच्या बाजूने ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र म्हणून युक्तिवाद केला. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात शिक्षेची अंमलबजावणी झाली. १६६ निरपराधांचा बळी घेणाऱ्या हल्ल्यातील आरोपीला तीन न्यायालयांच्या पायऱ्या चढू देणारा देश म्हणून भारताची जगात नोंद झाली. ही नोंद करण्याची संधी चौपाटीवरील त्या पकडीतून मिळाली होती.

ओंबळे यांच्या लाठीचा उल्लेख गौरवाने होतो. तो व्हावाच, पण त्याला दुसरी बाजू आहे. स्वयंचलित रायफली घेऊन हल्लेखोर शहरात फिरत असल्याचे नियंत्रण कक्षाला ठाऊक असताना, त्यांना अडवणाऱ्या नाक्यावर सहायक फौजदाराच्या हाती लाठी असावी, ही गोष्ट व्यवस्थेला भूषणावह नव्हती. हल्ल्यानंतर माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पोलीस दलाच्या तयारीतील उणिवांची छाननी केली. राज्यात फोर्स वन हे पथक उभे राहिले, मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र आले, संसदेने राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा केला. नाक्यावर रात्रभर उभ्या राहणाऱ्या साध्या पोलिसाच्या वाट्याला त्यातले किती आले, हा प्रश्न दर २६ नोव्हेंबरला पुष्पचक्र वाहताना विचारला जायला हवा.

२६ जानेवारी २००९ रोजी शांतताकाळातील सर्वोच्च शौर्य पुरस्कार असलेले अशोकचक्र ओंबळे यांना मरणोत्तर जाहीर झाले. करकरे, कामटे, साळसकर, मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्र सिंह यांचाही त्याच दिवशी या सन्मानाने गौरव झाला. दिल्लीच्या राजपथावर राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते ओंबळे यांच्या पत्नीने तो स्वीकारला. लष्करातून नाईक म्हणून बाहेर पडलेला आणि पोलीस दलात सहायक फौजदार झालेला हा माणूस मेजर आणि पोलीस आयुक्तालयातील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पंक्तीत नोंदला गेला.

गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा उभा आहे. संध्याकाळी भेळ खायला आलेली कुटुंबे त्याच्या शेजारून जातात. मुले नाव वाचतात, थोरांना विचारतात. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात आढळलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी त्यांच्या स्मरणार्थ आयशियस तुकारामी असे शास्त्रीय नाव दिले. आणि मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने केडंबे येथे त्यांच्या स्मारकासाठी १३ कोटी ४६ लाख रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. ज्या गावातून ते सैन्यात भरती व्हायला निघाले होते, तेथे ते स्मारक उभे राहणार आहे.