संत प्रिस्किल्ला व संत अक्विल्ला: परमुलखांतील एक ख्रिस्ती बिऱ्हाड

महोत्सवाच्या पुस्तिकेंत धर्मगुरूंचीं नांवें व तसबिरी छापण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ख्रिस्तसभेच्या आरंभीं मंदिरें नव्हतीं. भाविक कोणाच्या तरी राहत्या घरांत जमत, आणि त्या घराला घरधनी व घरधनीण असे. अशाच एका पतिपत्नींचें चरित्र येथें सांगावयाचें योजिलें आहे. सेमिनरींत असतांना मीं संत पौलांचे प्रवास नकाशासह पाठ केले. पण ते ज्यांच्या छपराखालीं राहिले त्यांच्याकडे पुष्कळ वर्षें माझें लक्ष गेलें नाहीं, हें कबूल केलेलें बरें.

अक्विल्ला हे जन्मानें यहुदी, काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील पंत प्रांताचे. त्यांच्या लॅटिन नांवाचा अर्थ गरुड. पत्नीचें नांव प्रिस्का. संत लूक त्यांस प्रिस्किल्ला या लाडक्या नांवानें ओळखतात, संत पौल मात्र आपल्या पत्रांत प्रिस्का असेंच लिहितात. हीं उभयतां रोम शहरांत राहत होतीं. इ. स. ४९ च्या सुमारास क्लौद्य बादशहानें यहुद्यांस रोम सोडून जाण्याचा हुकूम केला. दुकान, गिऱ्हाइकें, शेजारपाजार, सर्व मागें टाकून हें जोडपें ग्रीस देशांतील करिंथ येथें आलें. त्यांच्या परदेशगमनास कोणीं निरोपसमारंभ केला नव्हता. तीं हद्दपार होऊन आलीं होतीं.

करिंथ हें दोन समुद्रांमधील चिंचोळ्या भूमीजवळ वसलेलें शहर. ख्रि. पू. १४६ मध्यें रोमन सैन्यानें तें उद्ध्वस्त केलें व ख्रि. पू. ४४ मध्यें जूलियस सीझरनें पुन्हां वसविलें. पश्चिमेस लेखियम व पूर्वेस किंख्रिया अशीं त्याचीं दोन बंदरें. त्यामुळें खलाशी, व्यापारी व नाना देशींचे लोक यांची सदैव वर्दळ. दर दोन वर्षांनीं जवळच इस्थमियन खेळ भरत. अशा ठिकाणीं तंबू शिवणाऱ्यास काम मिळणें फारसें कठीण नसावें, आणि तोच या दोघांचा धंदा होता.

धंदा कष्टाचा. चामडें अथवा बकरीच्या केंसांचें जाडेंभरडें कापड कापावें, कांठ जुळवावे, दाभणानें भोंकें पाडून जाड दोरा घट्ट ओढावा. बोटांस घट्टे पडतात, मान वांकते. करिंथच्या उत्खननांत बाजाराकडेचीं लहान लहान दुकानें सांपडलीं आहेत. रस्त्याच्या बाजूस उघडीं, आंत अंधारीं. कारागीर दिवसा तेथें काम करीत व पुष्कळदां मागें किंवा माळ्यावर संसार मांडीत. अशा या नव्यानें थाटलेल्या बिऱ्हाडांत अथेन्सहून एक परका मनुष्य आला. तोही तंबू शिवणारा. ते संत पौल होत. त्यांचा धंदा एकच असल्यामुळें ते यांच्याकडे राहिले व तिघें मिळून काम करूं लागलीं. आठवडाभर शिवण आणि शब्बाथ दिवशीं सभास्थानांत उपदेश, असा पौलांचा क्रम होता. आपला भार कोणावर पडूं नये म्हणून आपण रात्रंदिवस हातांनीं श्रमलों, असें ते स्वतः लिहून ठेवितात.

पाहुणा चार दिवसांचा गोड, असें आपण म्हणतों. हे पाहुणे करिंथांत दीड वर्ष राहिले, आणि पाहुणे म्हणून तसे सोपे नव्हते. सभास्थानांत तंटा झाला. पुढें विरोधकांनीं त्यांस प्रांताधिपति गल्लियो याच्या न्यायासनापुढें ओढून नेलें. (डेल्फी येथें सांपडलेल्या शिलालेखावरून गल्लियोचा अधिकारकाळ इ. स. ५१ ते ५२ च्या सुमाराचा ठरतो.) यहुदी म्हणून एकदां हद्दपार झालेल्या कुटुंबास सरकारदरबारची अशी चौकशी किती भयाची वाटली असेल! तरी त्यांनीं दार लावून घेतलें नाहीं.

पौल निघाले तेव्हां हींही निघालीं. दोन तीन वर्षांत जमलेलें गिऱ्हाईक पुन्हां सोडावयाचें, हत्यारें पुन्हां बांधावयाचीं. या खेपेस मात्र बादशहाचा हुकूम नव्हता. किंख्रियाहून गलबतानें तीं इफिस येथें उतरलीं. पौल तेथून पुढें गेले व हीं मागें राहिलीं.

त्या काळांत अलेक्झांड्रियाचे अपुल्लोस नांवाचे विद्वान गृहस्थ इफिसास आले. वक्तृत्व मोठें, शास्त्रज्ञान सखोल. परंतु योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडे त्यांस माहिती नव्हती. सभास्थानांत ते बोलले आणि हें जोडपें ऐकत होतें. भर सभेंत उठून पंडिताची फजिती करणें सोपें होतें. ते विद्वान, आपण कारागीर, असें म्हणून गप्प बसणेंही सोपें होतें. यांनीं त्यांस आपल्याकडे नेलें व देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. या ठिकाणीं संत लूक पत्नीचें नांव आधीं लिहितात. नव्या करारांत या जोडप्याचा उल्लेख सहा वेळां येतो आणि त्यांपैकीं चार वेळां प्रिस्किल्लेचेंच नांव प्रथम आहे. त्या काळच्या रीतीस हें सोडून आहे. अपुल्लोस पुढें करिंथास गेले व तेथें एवढे लोकप्रिय झाले कीं त्यांच्या नांवाचा एक पक्षच निघाला. प्रवचनांतील चुका अंगणांत उभें राहून सांगणारे आम्हां धर्मगुरूंस पुष्कळ भेटतात. घरीं बोलावून सांगणारे थोडे, आणि तें शांतपणें ऐकून घेणारे धर्मगुरु त्याहूनही थोडे.

इफिसांत त्यांच्या घरीं ख्रिस्तमंडळी जमूं लागली. पौल परत येऊन तेथें सुमारें तीन वर्षें राहिले. अर्तमी देवीच्या रुपेरी देव्हाऱ्यांचा धंदा बुडेल या भीतीनें सोनारांनीं दंगा माजविला, लोक नाट्यगृहांत घुसून दोन तास ओरडत राहिले, तो याच शहरांत. आशिया प्रांतांत आपण जिवाची आशाच सोडली होती, असें पौल लिहितात, आणि इ. स. ५७ च्या सुमारास रोमकरांस लिहितांना ते सांगतात कीं प्रिस्का व अक्विल्ला यांनीं माझ्या प्राणासाठीं आपली मान पुढें केली. त्यांनीं नेमकें काय केलें तें तेथें लिहिलेलें नाहीं. ज्यांस पत्र होतें त्यांस तें ठाऊक असावें.

त्या पत्रावरून दिसतें कीं तीं तोंपर्यंत रोमला परतलीं होतीं. क्लौद्य इ. स. ५४ मध्यें मरण पावला होता. हद्दपार झालेल्या त्या गांवीं त्यांनीं पुन्हां घर थाटलें आणि तेथेंही मंडळी जमूं लागली. रोमच्या आव्हेंतीन टेकडीवरील संत प्रिस्का मंदिराशीं परंपरा या घराचा संबंध जोडते. ख्रिस्तसभा या दोघांचा सण ८ जुलै रोजीं पाळते.

तीमथ्यास लिहिलेलें दुसरें पत्र परंपरेप्रमाणें संत पौलांचें अखेरचें. तीमथ्य इफिस येथील मंडळीचे मुख्य. म्हणजे हें जोडपें पुन्हां समुद्र ओलांडून तिकडे गेलें होतें असें दिसतें. करिंथच्या दुकानांतील ओळखीस आतां दहा पंधरा वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि तारुण्य कोणाचेंच उरलें नव्हतें. पौल बेड्यांत आहेत. बरेच सोबती सोडून गेले आहेत. थंडीसाठीं त्रोवस येथें राहिलेला झगा ते मागवितात. पत्र संपवितांना ते इफिसच्या मंडळीस सलाम सांगतात. त्यांत पहिलें नांव प्रिस्काचें आहे, दुसरें अक्विल्लाचें.