आकड्यांना आकार देणारा विल्यम प्लेफेअर

शेअर बाजाराचा निर्देशांक असो, पावसाची सरासरी असो वा निवडणुकीचा निकाल. संगणकाच्या पडद्यावर तो आता चढत्या-उतरत्या रेषांत, नाहीतर रंगीत पट्ट्यांत समोर येतो. रेषेवर माउस नेला, की त्या दिवसाचा नेमका आकडा उमटतो. आर्थिक आकडेवारी रेषा, स्तंभ आणि वर्तुळाच्या फोडी अशा तिन्ही रूपांत प्रथम मांडणारा विल्यम प्लेफेअर मात्र आयुष्यभर पैशाच्या विवंचनेत राहिला.

स्कॉटलंडमधील डंडीजवळच्या लिफ गावी १७५९ मध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी त्याचा जन्म झाला. वडील लवकर गेले. थोरला भाऊ जॉन पुढे एडिंबरा विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक म्हणून नावाजला. त्यानेच विल्यमला रोजच्या तापमानाची नोंद ठेवून ती रेषांनी काढायला लावली. मळणीयंत्र बनवणाऱ्या अँड्र्यू मीकल यांच्याकडे उमेदवारी केल्यावर १७७७ मध्ये विल्यम बर्मिंगहॅमला जेम्स वॅट यांच्या हाताखाली यंत्रांची रेखाटने काढू लागला. पुढे लंडनमध्ये थाटलेला चांदीकामाचा धंदा बुडाला आणि त्याने लेखणी हाती धरली.

१७८६ मध्ये त्याचा व्यापारविषयक ‘अ‍ॅटलास’ निघाला. नाव अ‍ॅटलास, पण आत नकाशा एकही नाही. होते ४४ आलेख, तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेले आणि हाताने रंगवलेले. आयातीची एक रेषा, निर्यातीची दुसरी. दोहोंमधील रंगीत पट्टा म्हणजे देशाचा नफा किंवा तोटा. स्कॉटलंडची आकडेवारी मात्र त्याला एकाच वर्षाची मिळाली. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्याने सतरा देशांशी चालणारा व्यापार शेजारी शेजारी पट्ट्यांनी दाखवला. स्तंभालेख जन्मला तो असा, माहितीच्या तुटवड्यातून. काळाचा ओघ त्यात दिसत नाही म्हणून खुद्द प्लेफेअरला तो उणा वाटे.

हस्तलिखित पाहून वॅट यांनी आलेखांसोबत मूळ आकड्यांचे तक्तेही छापावेत असे सुचवले होते. रेषा कोणीही ओढील, तिच्यामागचे आकडे दिसले पाहिजेत, ही शंका रास्तच होती. आज माउसच्या टोकाशी उमटणारा आकडा हे तिचेच उत्तर.

१८०१ च्या ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’त त्याने देशांची वर्तुळे काढली. वर्तुळाचा आकार म्हणजे क्षेत्रफळ, डावीकडची उभी रेषा लोकसंख्या, उजवीकडची महसूल. तुर्की साम्राज्य तीन खंडांत विभागलेले, म्हणून त्याच्या वर्तुळाच्या फोडी पाडल्या. हाच पहिला पाय चार्ट. दोन उभ्या रेषांची टोके जोडणाऱ्या तिरक्या रेषेच्या उतारावरून करांचा भार ओळखावा, असा त्याचा आग्रह होता. तो फसवा होता; कारण हा उतार वर्तुळाच्या रुंदीनुसारही बदलतो. पुस्तकाला हिंदुस्थानातील सत्तांचाही असाच आढावा जोडलेला होता. पुण्याच्या गादीवर तेव्हा दुसरा बाजीराव होता.

एवढी सूक्ष्म नजर स्वतःच्या व्यवहारात मात्र लोपत असे. क्रांतीच्या काळात पॅरिसमध्ये तो अमेरिकेतील ओहायोची जमीन विकणाऱ्या कंपनीचा हस्तक बनला. फ्रेंच कुटुंबे १७९० मध्ये समुद्र ओलांडून गेली, तेव्हा त्या जमिनीवर कंपनीची मालकीच नसल्याचे उघड झाले. पैशांच्या संशयाचे बोट प्लेफेअरकडेही वळले. लंडनला परतून काढलेली बँक बुडाली. उतारवयात तर एका उमरावाकडून दबाव आणून पैसे उकळण्याचा प्रयत्नही त्याने केला. अशा माणसाच्या नव्या पद्धतीवर ब्रिटिश विद्वानांनी विश्वास कसा ठेवावा?

तरी हात थांबला नाही. साठी उलटल्यावर त्याने १८२१ पर्यंतच्या सुमारे अडीचशे वर्षांतील गव्हाचे भाव आणि कारागिराची मजुरी एकाच आलेखात मांडली. भाव वाढले तरी मजुरीच्या मानाने गहू पूर्वीपेक्षा स्वस्तच झाल्याचे त्याला दाखवायचे होते. ११ फेब्रुवारी १८२३ रोजी लंडनमध्ये तो वारला. १८६० च्या दशकात विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स हा तरुण अर्थशास्त्रज्ञ भाव आणि व्यापाराचे आलेख काढू लागला, तेव्हा कुठे त्या विस्मृतीत गेलेल्या पुस्तकांची पाने पुन्हा उलटली गेली.