शाळा उठून अंगणात गेली

राजारामपुरीत पत्ता सांगताना आपण गल्लीचा नंबर सांगतो. सकाळी यातल्या कुठल्याही गल्लीत उभं राहा, गळ्यात पाण्याची बाटली अडकवलेली तीन-चार वर्षांची पोरं दिसतील. कुणी प्ले-ग्रुपला निघालेलं, कुणी बालवाडीला, कुणी अंगणवाडीला. यातला अंगणवाडी हा शब्द आपल्याला सरकारी योजनेतला म्हणूनच माहीत असतो. केंद्र सरकारची ती बालविकास योजना सुरू झाली १९७५ मध्ये. पण त्याच्या कितीतरी आधी, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डहाणूकडच्या वारली पाड्यांवर दोन शिक्षिका खरोखरच लोकांच्या अंगणात शाळा भरवत होत्या. एक ताराबाई मोडक, दुसऱ्या अनुताई वाघ.

ताराबाईंचं नाव निदान डी.एड. करणाऱ्यांना तरी परीक्षेपुरतं पाठ असतं. अनुताईंचं नाव बहुतेक वेळा त्यांच्यामागे 'आणि' लावून येतं. आजचा मजकूर त्या 'आणि'नंतरच्या बाईंबद्दल.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेच ते, अष्टविनायकातलं मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत नवरा गेला. म्हणजे आजच्या हिशेबानं सातवी-आठवीतली मुलगी विधवा झाली. त्या काळी अनेक घरांत अशा मुलीचं आयुष्य तिथंच संपल्यात जमा असायचं. ती माजघरात, स्वयंपाकघरात राबणार आणि सणासमारंभात कुणाच्या समोर येणार नाही. अनुताईंच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी घडली, त्यांचं शिक्षण थांबलं नाही. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्या. ही मराठी सातवीची परीक्षा. ती झाली की प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळू शकायची. पुढे पुण्यात ट्रेनिंग कॉलेज केलं आणि १९२९ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. चार वर्षं तिथं काढली, मग पुण्यात हुजूरपागेत आल्या.

हुजूरपागा म्हणजे पुण्यातली नावाजलेली मुलींची शाळा. दिवसा तिथं शिकवायचं आणि संध्याकाळी स्वतः रात्रशाळेत जाऊन बसायचं, असं करत त्यांनी १९३७ मध्ये मॅट्रिक केलं. वय २७. नोकरी कायम, शहर चांगलं, शाळेला प्रतिष्ठा. साधारण इथं माणूस स्थिरावतो आणि रिटायर होईपर्यंत हलत नाही.

१९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टच्या वतीनं बोरिवलीला खेड्यात काम करू इच्छिणाऱ्या स्त्रियांचं शिबिर भरलं होतं. तिथं त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीवर काम केलं होतं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता. पण ती महागडी लाकडी साधनं आणि त्या नीटनेटक्या बालशाळा शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरत्याच राहताहेत, हे त्यांना खुपत होतं. खेड्यातल्या गरीब मुलांसाठी हे सगळं नव्यानं करून बघायचं होतं आणि त्यासाठी सोबत हवी होती. ३५ वर्षांच्या अनुताई पुण्यातली नोकरी सोडून निघाल्या. डिसेंबर १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

साल लक्षात घ्या. त्याच वर्षी तलासरी, डहाणू, उंबरगाव भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकर आणि किसान सभेचं नेतृत्व होतं. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मेली. ज्या समाजाला जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावं लागत होतं, त्याच्या पोरांसाठी बालवाडी काढणं हे आज ऐकायला छान वाटतं. तेव्हा पाड्यावरच्या माणसाला पांढरपेशी माणसं म्हणजे सावकार, जंगलखात्याचे लोक नाहीतर पोलीस, एवढीच ओळख. अशा दारात अनुताई उभ्या राहायच्या आणि पोरं शाळेत पाठवा म्हणायच्या.

पोरं यायची नाहीत, आणि न येण्याची कारणंही पक्की होती. सहा-सात वर्षांच्या मुलाला गुरं राखायची असायची. मुलगी असेल तर काखेत धाकटं भावंड. पोटात काही नाही, अंगावर धड कपडा नाही. मग अक्षरं राहिली बाजूला. आधी पोरांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, खरूज असेल तर औषध लावायचं, काहीतरी खायला द्यायचं. हुजूरपागेत शिकवलेल्या बाईंचा दिवस असा सुरू व्हायचा.

आपल्या कोल्हापूरचं उदाहरण शेजारी ठेवलं की यातला फरक कळतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्यामागे राजाचं बळ होतं. डहाणूच्या जंगलात दोन बायकांकडे ना हुकूम, ना दंडाची पावती. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनंच मुलाकडे जायचं, हा एकच मार्ग उरत होता. तो त्यांनी किती टोकापर्यंत नेला, ते बघण्यासारखं आहे.

पाड्यावरच्या झोपडीपुढचं सारवलेलं अंगण म्हणजे वर्ग. मुलं घरच्यांच्या नजरेसमोर, आया कामं करता करता बघताहेत, त्यामुळं भीती कमी. ही अंगणवाडी. आणि जी मुलं गुरांमागे रानात जायची, त्यांच्यासाठी शिक्षकही गुरांमागे रानात. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली जमली आहेत, शिकणं चालू आहे. ही कुरणशाळा. साधनं म्हणाल तर बिया, शिंपले, पानं, फुलं, खडे, काड्या. मोजायला बिया, रंग ओळखायला फुलं. मॉन्टेसरीबाईंच्या लाकडी ठोकळ्यांचं काम चिंचोक्यांनी केलं.

दहा-बारा वर्षांनी काम बोर्डीहून आत कोसबाडच्या टेकडीवर गेलं, कारण आदिवासी वस्ती तिकडं. तिथं विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. यातली मेख पाळणाघरात आहे. धाकट्याला ठेवायला जागा झाली की मोठी बहीण मोकळी होते आणि वर्गात बसू शकते. मुलींची गळती यावर आज मोठमोठे सेमिनार होतात. कोसबाडला हे कोडं एका पाळण्यानं सोडवायला घेतलं होतं.

या सगळ्या धबडग्यात अनुताईंनी १९६१ मध्ये बी.ए. केलं. वय ५१, डोळ्यांचं दुखणं लागलेलं. एटीकेटीवाल्यांनी हे वाक्य वाटल्यास परत वाचावं.

माझ्या मते अनुताईंची खरी परीक्षा त्यानंतर आली. ऑगस्ट १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. कल्पना, नाव, वजन, देणगीदारांशी ओळख, यातलं बरंचसं त्यांचं होतं. असा माणूस गेला की आपल्याकडे संस्थेचं काय होतं, ते सांगायला नको. अनुताई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या, म्हणजे सरकारी नोकरीत असत्या तर घरी बसल्या असत्या. त्यांनी काम आवरतं घेतलं नाही, उलट वाढवलं. आणखी आत, दाभोणच्या जंगलात नवं केंद्र काढलं. शिक्षणपत्रिकेचं संपादन केलं. बालवाडी कशी चालवायची याची साधी, उपयोगाची पुस्तकं लिहिली. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथनही लिहिलं. पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्कार मिळाले १९८५ मध्ये, पंचाहत्तरीत. म्हणजे चाळीस वर्षं काम झाल्यावर.

त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, स्वतःचं मूल नव्हतं. पण १९४५ ते १९९२ ही ४७ वर्षं मोजून बघा. पहिल्या वर्षी अंगणात येऊन बसलेलं पाच वर्षांचं पोर १९९२ मध्ये ५२ वर्षांचं होतं. तेवढ्या काळात पाड्यांवर तिसरी पिढी आली. ज्यांची खरूज धुतली त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुलं बालवाडीत बसत होती, आणि त्यांच्यासाठी टेकडीवरची ही बाई आजीच होती. २७ सप्टेंबर १९९२ ला अनुताई गेल्या.

बी.एड., एमएसडब्ल्यू करणाऱ्यांपैकी कुणाला बघून यायचं असेल, तर पश्चिम रेल्वेवर डहाणू रोड किंवा त्यापुढचं घोलवड. घोलवड म्हणजे चिकूवालं. तिथून कोसबाडची टेकडी जवळ आहे. जाण्याआधी लायब्ररीतून ते आत्मकथन काढून वाचा.