घरखर्चावरून देश मोजणारे प्रा. वि. म. दांडेकर

पावसाळ्यात आमच्या तारकर्लीची रापण बंद असते. त्या दिवसांत घरचे वाणसामान उधारीवर येते. आई सांगते आणि मी वहीत लिहितो. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी प्रा. वि. म. दांडेकरांविषयी सांगितले, तेव्हा मला प्रथम ही वही आठवली. देशाचा विकास मोजताना या विद्वानाने घरोघरच्या खर्चापासूनच सुरुवात केली होती.

दांडेकरांचा जन्म १९२० साली साताऱ्याला झाला. कलकत्त्यात प्रा. महालनोबिस यांच्या संस्थेत ते संख्याशास्त्र शिकले आणि पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आले. धनंजयराव गाडगीळांनंतर १९६६ ते १९८० या काळात ते तिचे संचालक होते.

१९७१ साली त्यांनी डॉ. नीळकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. माणसाला रोज २२५० उष्मांक मिळावेत, हा त्यांचा निकष. १९६०-६१ च्या किमतींनुसार त्यासाठी खेड्यात माणशी महिना १५ रुपये, तर शहरात साडेबावीस रुपये खर्च लागत होता. ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना तेवढाही झेपत नव्हता. त्या दशकात माणशी खर्च वर्षाला अर्ध्या टक्क्यानेही वाढला नव्हता. त्यातही शहरातील सर्वांत गरिबांची स्थिती उलट खालावली होती. विकास झाला, पण तो त्यांच्या चुलीपर्यंत पोहोचला नाही.

गरिबाच्या हाती चार पैसे आले की तो धान्य, तेल, कापड घेतो आणि त्यातून दुसऱ्याचा धंदा चालतो. पण हाताला कामच नसेल तर पैसा येणार कोठून? म्हणून दांडेकर व रथ यांनी सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा उपाय सुचविला. १९७२ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमी योजना सुरू झाली. तिचे जनक म्हणून वि. स. पागे यांचे नाव घेतले जाते. पुढे १९८३-८४ मध्ये दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्याच्या विभागांचा अनुशेष मोजला. त्यात आपले कोकणही होते. १९९५ साली त्यांचे निधन झाले.

हे वाचल्यावर मी आमची वही पुन्हा चाळली. माझी फी भरली त्या महिन्यात तेल नेहमीच्या निम्मे आले होते. एकूण खर्च मात्र वाढलेला दिसत होता. घरखर्चाला माणसांनी भागले की सरासरी निघते. सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या आईच्या ताटात काय उरले, हे त्या सरासरीत दिसत नाही. त्या महिन्यात ते मलाही दिसले नव्हते. विकासाचे आकडे पाहताना ते कुणाच्या ताटापर्यंत पोहोचले, हे विचारण्याची सवय मला दांडेकरांच्या चरित्राने लावली. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.