सॅम्युअल कोल्ट : एका हट्टी इंजिनीअरची गोष्ट

गेल्या दिवाळीत मामाचा अमेरिकेहून फोन आला. शुभेच्छा वगैरे झाल्यावर त्याने आईला नाही, मला फोनवर बोलावलं. त्याच्या शेजारी, दोन घरं सोडून, चोरी झाली होती. तेव्हापासून त्याने मनात घेतलं होतं, की रिव्हॉल्व्हर घ्यायचं. घरी संरक्षणाला आणि रविवारी रेंजवर नेम धरायला. तेही साधंसुधं नाही, मोठ्या बोअरचं, .४४ मॅग्नम. मामी ठाम विरोधात. मी मेकॅनिकलला, म्हणून मी जरा अभ्यास करून सांगावं, असं मामाचं म्हणणं. (हाच मामा लहानपणी लवंगी फटाक्याला घाबरून पलंगाखाली बसायचा, असं आई सांगते!)

माझा बंदुकीशी संबंध एवढाच, की एनसीसी कॅम्पमध्ये .२२ रायफलच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्यातल्या दोन टार्गेटला लागल्या, बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. पण मामाने काम दिलंय म्हटल्यावर वाचायला लागले. आणि गंमत म्हणजे कुठूनही सुरुवात केली, तरी वाट एकाच माणसापाशी येऊन थांबायची. त्याच्या कारखान्याचा निळा घुमट मामाच्याच गावात, हार्टफर्डला, हायवेवरून दिसतो. मामा रोज ऑफिसला जाताना तो बघतो. माणसाचं नाव सॅम्युअल कोल्ट. बोअर राहिलं बाजूला, मी त्या माणसातच अडकले.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ चा, हार्टफर्डचाच. तो सात वर्षांचा होण्याआधीच आई क्षयाने गेली. अकराव्या वर्षी बापाने त्याला एका शेतकऱ्याकडे कामाला ठेवलं. तिथे त्याच्या हाती ज्ञानकोशासारखं एक पुस्तक लागलं आणि बंदुकीची दारू, वीज, स्फोट यांचं वेड डोक्यात शिरलं. १८२९ मध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षी, त्याने वेअर गावात जाहीर केलं, की ४ जुलैला मी तळ्यातला तराफा उडवून दाखवणार. गाव जमलं. स्फोट झाला, पण तराफ्याचं फारसं काही बिघडलं नाही. नव्या कपड्यांत आलेली मंडळी मात्र चिखलाने न्हाऊन निघाली. चिडलेल्या लोकांपासून त्याला एका तरुण मेकॅनिकने वाचवलं असं सांगतात. त्याचं नाव एलिशा रूट. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पुढच्या वर्षी शाळेतही दारूकामाचे उद्योग केले आणि शाळा सुटली ती सुटलीच. आपल्याकडे केटी लागली तर घर डोक्यावर घेतात, इथे तर शिक्षणच संपलं!

बापाने वैतागून १८३० मध्ये त्याला कॉर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून पाठवलं. आणि ते जहाज कुठे निघालं होतं माहीत आहे? आपल्या कलकत्त्याला! याच प्रवासात सोळा वर्षांच्या सॅमने लाकूड तासून एक मॉडेल बनवलं. सुकाणूचं चाक कसंही फिरवलं तरी त्याचा एकेक आरा ठरलेल्या जागी आणून अडकवता येतो, हे बघून कल्पना सुचली, असं तो पुढे सांगायचा. ते लाकडी मॉडेल आजही हार्टफर्डच्या म्युझियममध्ये आहे.

आता यात नवीन काय होतं ते सांगते. त्या काळातलं पिस्तूल म्हणजे एक गोळी. तोंडातून दारू ओता, गोळी ठासा, केप बसवा आणि मग झाडा. यात वीस-पंचवीस सेकंद सहज जायची. फिरत्या घरांच्या बंदुका कोल्टच्या आधीही होत्या. इंग्लंडमध्ये एलिशा कॉलियरने १८१८ मध्येच पेटंट घेतलं होतं. म्हणजे रिव्हॉल्व्हर कोल्टने शोधून काढलं असं म्हणणं बरोबर नाही. त्याने केलं ते असं : अंगठ्याने हातोडी मागे ओढली, की एक छोटी खुंटी दातेरी चाकाला ढकलते आणि सिलिंडर बरोबर एक घर पुढे सरकतो. दुसरी खुंटी त्याला तिथेच घट्ट धरून ठेवते. एकच हालचाल, दोन कामं. आपल्या थिअरी ऑफ मशीन्सच्या पुस्तकातला रॅचेट आणि पॉल, बस्स! (सिलिंडरला मराठीत काय म्हणायचं हे मला शेवटपर्यंत सापडलं नाही. घरात सिलिंडर म्हटलं की आई गॅसवाल्याला फोन लावते.)

परत आल्यावर बापाच्या पैशातून दोन नमुने बनवून घेतले. त्यातला एक पहिल्याच बारात फुटला. बापाने हात आखडले. मग पोराने काय करावं? दाढी वाढवली, स्वतःला डॉक्टर म्हणवून घेतलं, आडनावाचं स्पेलिंग बदललं आणि न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचा सुप्रसिद्ध डॉक्टर म्हणून गावोगाव लाफिंग गॅसचे खेळ सुरू केले. लोक पैसे देऊन गॅस हुंगायचे, हसायचे, नाचायचे आणि त्या पैशातून तिकडे बंदूक बनवणाऱ्या कारागिराचा पगार निघायचा. स्पॉन्सर मिळत नाही म्हणून रडणाऱ्या आमच्या प्रोजेक्ट ग्रुपने हे जरूर वाचावं.

१८३५ मध्ये इंग्लंडचं आणि २५ फेब्रुवारी १८३६ ला अमेरिकेचं पेटंट मिळालं. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून एकाच वर्षाने मोठा. न्यू जर्सीतल्या पॅटरसनला कारखाना निघाला. आणि १८४२ मध्ये बुडाला! कारणं सरळ आहेत. माल महाग, रचना नाजूक, बोअर लहान, आणि सुरुवातीच्या मॉडेलमध्ये दारू भरायची तर पिस्तूल खोलावं लागायचं. सैन्याच्या अधिकाऱ्यांना नवीन भानगड नको होती. त्याच सुमारास भाऊ जॉन खुनाच्या खटल्यात दोषी ठरला आणि फाशीच्या दिवशीच त्याने तुरुंगात आत्महत्या केली. दुसरा कोणी असता तर खचला असता. कोल्टने पाण्याखालचे सुरुंग वायरने उडवायचे प्रयोग सुरू केले. १८४४ मध्ये पोटोमॅक नदीत चालतं जहाज लांबून उडवून दाखवलं. टेलिग्राफवाल्या मोर्सबरोबर पाण्याखालच्या केबलवर काम केलं. रिव्हॉल्व्हर मात्र बंदच होतं.

इथे मामाचा प्रश्न येतो, मोठ्या बोअरचा. पॅटरसनची काही पिस्तुलं टेक्सासच्या रेंजर्सकडे पोचली होती. १८४४ मध्ये पंधरा-सोळा रेंजर्सनी चार-पाच पट कोमांची योद्ध्यांना त्यांच्या जोरावर हरवलं. त्या लढाईत भाल्याने जखमी झालेला एक जण होता सॅम्युअल वॉकर. मेक्सिकोशी युद्ध सुरू झाल्यावर हा कॅप्टन वॉकर कोल्टला भेटला आणि त्याने सरळ यादीच दिली : पाचाऐवजी सहा गोळ्या हव्यात, बोअर मोठं हवं, ट्रिगरला गार्ड हवा, दारू ठासायचा दांडा पिस्तुलालाच हवा. वापरणारा आणि बनवणारा एकत्र बसले आणि डिझाईन झालं. १८४७ ची ऑर्डर १००० नगांची. कोल्टकडे ना कारखाना, ना पैसा. नमुन्यादाखल स्वतःचं जुनं पिस्तूलसुद्धा उरलं नव्हतं असं सांगतात! शेवटी एली व्हिटनी ज्युनियरच्या कारखान्यात माल बनला.

हे वॉकर कोल्ट म्हणजे मोठ्या बोअरचा आजोबा. बोअर .४४ इंच, म्हणजे साधारण ११ मिलिमीटर. नळी ९ इंच. वजन दोन किलोंच्या वर! आपल्या वर्कशॉपमधला मोठा हातोडा एका हाताने सरळ धरून बघा, म्हणजे कळेल. हे कमरेला नाही, घोड्याच्या खोगिराला लटकवायचे. एका घरात ६० ग्रेन, म्हणजे जवळजवळ ४ ग्रॅम दारू मावायची. ताकद प्रचंड, पण त्या काळचं लोखंड तेवढं चांगलं नव्हतं, त्यामुळे कित्येक सिलिंडर फुटले. झटक्याने ठासायचा दांडाही खाली लोंबायचा. बोअर वाढवलं की दोन घरांमधली भिंत पातळ होते आणि दारू वाढवली की आतला दाब वाढतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात हे गणित मी सोडवलंय, पण तिथे उत्तर चुकलं तर मार्क जातात. इथे बोटं जातात.

पुढचा इतिहास बघितला तर कोल्ट हळूहळू खाली उतरत गेला. ड्रॅगून मॉडेलमध्ये दारू ५० ग्रेनवर आणली, नळी आखूड केली. १८५१ चं नेव्ही मॉडेल .३६ चं आणि सव्वा किलोच्या आत. आणि तीन लाखांच्या वर खपलं ते कुठलं? १८४९ चं .३१ बोअरचं चिमुकलं पॉकेट मॉडेल! म्हणजे स्वतःच्या पैशाने घेणाऱ्यांनी शक्तीपेक्षा सोय बघितली. .४४ पुन्हा आलं ते १८६० मध्ये, पण नेव्हीच्याच सांगाड्यावर, तेवढ्याच वजनात. कारण मधल्या काळात पोलाद सुधारलं होतं.

पण मला कोल्टचा खरा मोठेपणा पिस्तुलात नाही, कारखान्यात वाटतो. तो तराफ्याच्या दिवशीचा एलिशा रूट आठवतो ना? त्याला कोल्टने १८४९ मध्ये भलामोठा पगार देऊन आणलं. रूटने ड्रॉप फोर्जिंग, जिग, फिक्स्चर, गेज यांची अशी रांग लावली, की एकेका भागासाठी एकेक मशीन. शेवटचं हाताने घासणं राहायचं, पण बाकी सगळं मशीनवर. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात इंग्रज हे बघून चकित झाले. तिथल्या सिव्हिल इंजिनीअर्सच्या संस्थेने कोल्टला व्याख्यानाला बोलावलं. १८५३ ते १८५६ लंडनमध्येही त्याचा कारखाना चालला. हार्टफर्डला नदीकाठी बांध घालून १८५५ मध्ये मोठा कारखाना उभा राहिला, तोच निळ्या घुमटाचा. कोल्टच्याच कारखान्यात प्रॅट आणि व्हिटनी हे दोन मेकॅनिक भेटले. पुढे विमानाच्या इंजिनांवर जे नाव आलं, ते यांचंच! शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या कारखान्याने किती इंजिनीअर घडवले बघा.

आता दुसरी बाजू. ती न लिहिणं खोटेपणा होईल. हा माणूस धंद्यात कोणाचाच नव्हता. मोठ्या लोकांना नक्षीदार पिस्तुलं भेट देऊन ऑर्डरी मिळवायचा. दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली, तरी १८६१ च्या एप्रिलमध्ये लढाई पेटेपर्यंत त्याने त्यांना माल विकला. रेंजर्सचा विजय म्हणून आपण वाचतो, तो कोमांचींच्या जमिनीवरचा होता. आणि एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले. १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातात अॅडम्स रिव्हॉल्व्हरबरोबर कोल्टचीही रिव्हॉल्व्हरं होती. कलकत्त्याच्या वाटेवर एका पोराने लाकडात कोरलेली कल्पना सत्तावीस वर्षांत आपल्यावरच उलटून आली होती. पोराचा दोष? माहीत नाही. पण ड्रॉइंग शीटवर रेघ मारताना ती कुठपर्यंत जाईल, हा प्रश्न आम्हाला कुठल्याच व्हायवात कोणी विचारत नाही.

१० जानेवारी १८६२ ला कोल्ट गेला, फक्त ४७ वर्षांचा. मागे अफाट संपत्ती आणि बायको एलिझाबेथ. तिची एक सोडून सगळी मुलं लहानपणीच गेली. १८६४ मध्ये कारखाना जळाला, तर या बाईने तो पुन्हा उभा केला, घुमटासकट. तिने नवऱ्याच्या आणि मुलांच्या आठवणीत चर्च बांधलं. त्याच्या दगडी नक्षीत पिस्तुलाचे सुटे भाग कोरले आहेत! .४५ चं जगप्रसिद्ध मॉडेल १८७३ मध्ये आलं, म्हणजे कोल्ट गेल्यावर अकरा वर्षांनी.

असो. मामाचं काय झालं? मी त्याला तीन गोष्टी कळवल्या. एक, वॉकरची चूक करू नकोस, जे हाताला पेलत नाही ते उपयोगाचं नाही. विकत घेण्याआधी रेंजवर भाड्याने घेऊन झाड. दोन, .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल ही सौम्य गोळीही चालते, सरावाला ती बरी. तीन, तुमच्याकडची घरं लाकडाची आणि जिप्सम बोर्डाची. मोठ्या बोअरची गोळी चोराला चुकली तर भिंतीत थांबणार नाही. भिंतीपलीकडे मुलं झोपतात.

मामा रेंजवर गेला. पहिली मॅग्नम गोळी नेमकी लागली. मग दणक्याच्या भीतीने हात आधीच हलायला लागला आणि उरलेल्या पाच भरकटल्या. माझ्या .२२ सारखंच! शेवटी त्याने .४४ च घेतलं, पण त्यात स्पेशल गोळ्या घालतो आणि रविवारी रेंजवरच वापरतो. एरवी ते कुलपाच्या पेटीत, आणि घराच्या दाराला नवं कुलूप आणि अलार्म. तिसरा मुद्दा मामीने फ्रिजवर लावून ठेवलाय म्हणे.

आता रोज तो घुमट दिसला की मामाला भाची आठवते. आणि मला शीट काढताना कोल्ट आठवतो. त्याच्यासारखं हट्टी व्हायचंय मला. फक्त तो जिथे थांबला नाही, तिथे थांबता आलं पाहिजे.

— टी. ई. मेकॅनिकल