पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलिया

इसवी सन १९०८ च्या डिसेंबर महिन्यात, १० तारखेस, मुंबईतील एका गुजराती कुटुंबात एक बालक जन्मास आले. ते अपुऱ्या दिवसांचे व इतके अशक्त होते की, ते जगेल अशी आशा कोणासच वाटत नव्हती. परंतु ते जगले आणि पुढे त्यानेच महाराष्ट्राच्या ज्ञात इतिहासात सहस्राहून अधिक वर्षांची भर घातली. हेच थोर पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया होत.

सांकलियांना लहानपणापासून अभ्यासाची गोडी होती. मुंबईस त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले आणि फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली प्राचीन नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. त्यानंतर ते लंडनला गेले व १९३६ साली डॉक्टर झाले. त्या वास्तव्यात मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात त्यांनी भाग घेतला. तेथे एका प्राचीन टेकडीकोटाच्या अवशेषांवर रोमन काळातील मंदिराचे अवशेष होते. मातीचे थर कसे वाचावे, याचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले.

एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या वस्ती झाली, म्हणजे जुन्या घरांच्या मातीवर नवी घरे उभी राहतात. सामान्यतः सर्वांत खालचा थर सर्वांत जुना असतो. आपल्याकडे अशा जुन्या वस्तीच्या जागेस लोक 'पांढर' म्हणतात. तेथील नाणे कोणत्या थरात व किती खोलीवर सापडले, याची नोंद झाली, तरच ते नाणे त्या थराचा काळ सांगू शकते. कुदळीने थर एकदा विसकटले की, ती साक्ष कायमची नाहीशी होते.

१९३९ साली सांकलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. आल्याबरोबर त्यांनी पुण्याच्या परिसराची पायी पाहणी आरंभली. भोसरी येथील प्राचीन शिलावर्तुळांची त्यांनी नोंद केली. आज भोसरीत कारखान्यांची दाटी झाली आहे. ती होण्यापूर्वीच ही नोंद झाली, हे तिचे मोल होय.

याहून मोठे काम कोल्हापुरात त्यांची वाट पाहत होते. तेथे पंचगंगेच्या काठी, नांदत्या शहराला लागून, ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४४-४५ च्या सुमारास तेथे प्राध्यापक कुंदणगार यांच्या उत्खननात काशाच्या अनेक वस्तू सापडल्या. त्यांत वीतभरही उंची नसलेली एक सुबक मूर्ती होती. ती होती सागरदेव पोसायडनची. सातासमुद्रांपलीकडच्या रोमन साम्राज्यातील ही मूर्ती येथे कशी आली?

१९४५-४६ मध्ये सांकलिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे पद्धतशीर उत्खनन केले. एकेक थर जपून उलगडण्यात आला. वरच्या थरांत बहामनी काळच्या वस्तू होत्या, तर तळाशी सातवाहन काळातील विटांची घरे व नाणी होती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून रोमशी व्यापार चालत असे. त्या व्यापाराचे धागे कोल्हापुरापर्यंत पोहोचले होते, हे यावरून दिसून आले. शहर वाढते आणि नव्या इमारतींचे पाये खोल जातात. ते खोदण्याआधी जमीन तपासली नाही, तर असे पुरावे विटामातीच्या ढिगात मिसळून जातात.

पुढे १९५०-५१ मध्ये सांकलियांनी नाशिकची मातीची गढी व जोर्वे येथे, आणि १९५४ पासून नेवासे येथे उत्खनन केले. नेवाशास रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. जोर्वे येथील शोधांमुळे तर महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची वस्ती सातवाहनांच्याही पूर्वी हजार वर्षे मागे गेली. उत्खननाने थर नाहीसे होतात, हे जाणून त्यांनी प्रत्येक कामाचा तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केला.

१९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. २८ जानेवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. ब्रह्मपुरीचा सागरदेव कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयात आहे. मूर्ती पाहून डोळे तृप्त होतात. पण तिच्याभोवतीच्या मातीने सांगितलेली हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली, ती सांकलियांसारख्यांनी ती माती वेळेवर व मन लावून वाचली म्हणून.