पाचशे वर्षं 'एन्क्रिप्टेड' राहिलेल्या मराठी पोथ्या आणि त्या वाचणारे राजवाडे

समजा, नागभीडच्या एखाद्या ऑफिसातून पुण्याच्या सर्व्हरवर एसएफटीपीने फाइल चालली आहे. वाटेत ती कुणाच्या हाती लागली तरी वाचता येत नाही, कारण निघण्याआधीच तिच्यातली अक्षरं बदललेली असतात. पण ती नेमकी कुठल्या पद्धतीने बदलली, हे ओळखायचं कसं?

आज याचं उत्तर काही सेकंदांत मिळतं. शंभर वर्षांपूर्वी मात्र हाच प्रश्न एका मराठी माणसापुढे पोथ्यांच्या रूपाने उभा राहिला होता. तो माणूस म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

राजवाडे १८६३ चे. डेक्कन कॉलेजातून १८९१ मध्ये बी. ए. झाले, काही काळ शिक्षकी केली, ती सोडली. पत्नी लवकर गेली, पुन्हा लग्न केलं नाही. मग सुरू झाली ती भटकंती. वाडे, मठ, जुनी घराणी, जिथे दप्तर असेल तिथे हा माणूस जायचा, बराचसा पायीच, आणि स्वतःचा स्वयंपाक स्वतःच करायचा. माळ्यावर वाळवी खात पडलेले कागद त्यांनी मिळवले. त्यातून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला लागले आणि पुढे त्याचे २२ खंड झाले. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचं ते मराठीतच, हा हट्ट. स्वभाव तापट. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं आणि पुढे तिथल्या लोकांशीही बिनसलं.

अशा माणसाच्या हाती महानुभाव पंथाच्या पोथ्या आल्या.

चक्रधरस्वामींचा हा पंथ तेराव्या शतकातला. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' लिहिलं, ते मराठी गद्याचं अगदी सुरुवातीचं लेणं. पण पंथाबाहेरच्या माणसाला त्याची पोथी वाचताच येईना! चौदाव्या शतकात रवळोबासांनी 'सकळ लिपी' बनवली आणि ग्रंथ त्या लिपीत उतरवले जाऊ लागले. पुढे सुंदरी, अंक, वज्र अशा आणखी लिप्या आल्या. पोथ्या मठामठांतून पार पंजाबपर्यंत गेल्या, पण अर्थ पंथातच राहिला. आपलं धन अनधिकारी हातात पडू नये, ही त्यामागची भावना, आणि काळ पाहता ती समजण्यासारखी होती. किंमतही मोठी पडली. ग्रंथ कुणी वाचलेच नाहीत, त्यामुळे पंथाबद्दल वाटेल ते गैरसमज पसरले. मराठी साहित्याच्या इतिहासातलं हे दालन तर बंदच राहिलं.

राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. अशी लिपी वाचताना अर्थाआधी पद्धत ओळखावी लागते. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण ठेवली आहे, आणि ती सगळीकडे तीच आहे, हे कळलं की निम्मं काम झालं. भाषेत जी अक्षरं वारंवार येतात, त्यांच्या खुणाही वारंवारच येतात. एखादं नेहमीचं नाव ओळखू आलं की त्यातली अक्षरं इतर शब्दांत बसवून बघायची. राजवाड्यांच्या डोक्यात जुनी मराठी मुरलेली होती, आणि इथे भांडवल लागतं ते हेच. पुढे ठाण्याच्या वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वत'मधून हे वाङ्मय सर्वसामान्य वाचकांपुढे आणलं.

या लिपीची दुबळी बाजू एकच: सगळं गुपित पद्धतीतच होतं. पद्धत कळली की त्या लिपीतली प्रत्येक पोथी उघडी.

आजचं एसएफटीपी नेमकं उलटं चालतं. ते एसएसएचवर उभं आहे, आणि जोडणी सुरू होताना दोन्ही बाजू आपल्याला येणाऱ्या पद्धतींच्या याद्या एकमेकींना चक्क उघडपणे पाठवतात. आपल्या संगणकाच्या यादीत सर्वांत वर असलेली आणि सर्व्हरलाही येणारी पद्धत ठरते. एसएफटीपीच्या कमांडला 'हायफन व्ही' जोडलं की ठरलेलं नाव पडद्यावर 'सायफर' या शब्दापुढे दिसतं, जाण्याचं वेगळं आणि येण्याचं वेगळं. दोनदा 'व्ही' दिलं तर दोन्ही बाजूंच्या पूर्ण याद्याही दिसतात. एईएस किंवा चाचा२० दिसलं तर ठीक. थ्री-डीईएस किंवा आरसी४ दिसलं तर तो सर्व्हर जुना आहे, दुरुस्त करून घ्यावा. किल्ली कशी ठरवायची आणि मजकुरात वाटेत फेरफार झाला का हे कसं तपासायचं, याच्या पद्धतींची नावं वेगळी असतात. सायफर शोधताना लोक अनेकदा तीच वाचून गोंधळतात.

नाव कळलं म्हणून फाइल कुणाला वाचता येत नाही. गुपित असते ती किल्ली, आणि ती दर जोडणीला नवी तयार होते. राजवाड्यांपुढे आज अशी फाइल ठेवली असती, तर पद्धत ओळखूनही ते तिथेच अडले असते.

शेवटची वर्षं त्यांनी धुळ्यात काढली. 'राधामाधवविलासचंपू' आणि 'महिकावतीची बखर' त्याच काळात प्रसिद्ध झाली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचं निधन झालं. गावोगाव हिंडून जमवलेले कागद मागे राहिले होते. ते सांभाळण्यासाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं.